रंभाबाईंचा फ्लेक्स

वर्षश्राद्धाचा फ्लेक्स कसा असतो, हे नेरे गावात शेंबड्या पोरालाही कळतं. पांढऱ्यावर काळी, बारीक, सरळ उभी अक्षरं. जाडजूड, लाल, उजवीकडे रेललेली अन् पायाला ठोकळे बसवलेली अक्षरं वाढदिवसाची, नाहीतर बैलगाडा शर्यतीची. गाडीवरून जाताना मजकूर वाचतो कोण? अक्षरांची ठेवण बघायची आणि हार घ्यायचा की हात जोडायचे, ते ठरवायचं.

त्यामुळे फ्लेक्सवाल्या वैष्णवीनं बारीक अक्षरांतलं 'कै. सौ. रंभाबाई' संगणकावर दाखवलं, तेव्हा तिचं काहीच चुकलं नव्हतं. तरी रंभाबाईंच्या नवऱ्याचं, हैबतरावांचं डोकं सटकलं.

"ह्ये काय? लांबनं दिसायचंबी न्हाई. माझ्या फ्लेक्सला लावतीस ती अक्षरं लाव."

"काका, तो 'धडाका' फाँट हाय. वाढदिवसाचा. पुण्यस्मरणाला कुणी लावत न्हाई."

"मी लावतुय."

पोरीनं परोपरीनं सांगितलं, पण गडी हट्टाला पेटलेला. आजवर चौकात हैबतरावांचे ढीगभर फ्लेक्स लागले, सगळ्यांवर नाव धडाक्यात. शेजारच्या जांबे गावात भाड्याच्या खोल्यांची इमारत बांधली, तेव्हा भिंतींवर पाणी मारलं रंभाबाईंनी आणि वर नाव लागलं हैबतरावांचं. बायको गेल्यावर हे त्यांच्या ध्यानात आलं, अन् वर्षभर सलत राहिलं. एकदा तरी तिचं नाव रस्त्यावरून दिसलं पाहिजे, बास!

दिसलं की! 'रंभाबाई' एवढं थोरलं आलं, की 'कै. सौ.' आणि 'प्रथम पुण्यस्मरण' बिचारी खालच्या कोपऱ्यात गेली, आणि तो कोपरा रसवंतीच्या छपराआड.

"अरं हैबत," जेवणाच्या पंगतीत थोरली बहीण साळूबाई कडाडली, "रंभीचं वर्षश्राद्ध घातलंस का शर्यत भरवलीस?"

हैबतरावांनी मान खाली घालून आमटी ओरपली. मनातून मात्र गडी खूश होता.

दुपार कलल्यावर पाहुणे पांगले आणि दारात एक जोडपं उभं राहिलं. जान्हवी आणि मनीष, दोघंही आयटीतले, लातूरकडचे. जांब्याच्या खोलीत नुकतेच राहायला आलेले. मनीषच्या हातात खोकं होतं.

"काका, काकूंचा वाढदिवस ना आज?" जान्हवीनं विचारलं. "चौकात फ्लेक्स बघितला, आडनाव तुमचंच. काय भारी दिसतोय! म्हटलं, जाऊन यावं. कुठायत काकू? कितवं लागलं त्यांना?"

कितवं? इतका संसार झाला, बाईची जन्मतारीख हैबतरावांना माहीत नव्हती. भर चौकात कुणी मुस्काटात मारावी तशी लाज वाटली.

"ठाव न्हाई," ते म्हणाले. "मी कधी इचारलंच न्हाई तिला. आन् आता गेली ती. आज वरीस झालं."

जान्हवीचा चेहरा पडला. "सॉरी काका, आम्हाला खरंच..." मनीषनं घाईघाईनं खोकं पाठीमागं लपवलं.

"आन हिकडं," हैबतराव म्हणाले.

त्यांनी खोकं घेऊन ओट्यावर ठेवलं, झाकण उघडलं. केकवर गुलाबी क्रीमनं 'रंभाबाई काकू' लिहिलं होतं. हैबतराव आत जाऊन सुरी घेऊन आले आणि ती त्यांनी जान्हवीच्या हातात दिली.

"काप, पोरी," ते म्हणाले. "पयलाच हाय तिचा."