हुस्नबानूचे कान

हमीदने भोंग्याच्या तोंडाशी कान नेला आणि श्वास रोखून धरला. काही नाही. गाणं बंद, पंखा बंद, अँप्लिफायर सगळे चालू, आणि तरी भोंगा चिडीचूप. त्याने दुसऱ्या स्पीकरच्या पेटीलाही कान लावून पाहिला. तिथेही तेच. गड्याने खरंच जमवलं होतं.

"कसं वाटतंय, हमीदभाई?" प्रणयने मागून विचारलं.

"ठीक हाय," हमीद म्हणाला. एवढं म्हणतानाही त्याची जीभ जड झाली.

प्रणयचा दिवेआगरात होमस्टे. वादळात पोफळींची निम्मी वाडी आडवी झाली तिथे त्याने खोल्या बांधल्या, आणि पाहुण्यांना बसायला हा हॉल. बोर्लीला हमीदच्या घरी येऊन त्याने त्याच्या पेट्या ऐकल्या, पुन्हा पुन्हा बघितल्या आणि तशाच स्वतः बनवल्या. खाली ठेका धरणारा मोठा वूफर, वर बारीक सूर काढणारा भोंगा, दोघांना वेगवेगळा अँप्लिफायर. त्याचं हमीदला वाईट वाटलं नव्हतं. नक्कल कुणीही करू दे. खरी मेख असते ती गेनची, म्हणजे अँप्लिफायर आवाज किती चढवतो त्याची. वूफर आळशी, त्याच्यात ताकद ओतावी लागते. भोंगा मात्र असा तिखट की जरा डिवचला तरी बोंबलतो. दोघांचे अँप्लिफायर सारखेच चढवले की भोंगा वूफरला गिळून टाकतो, आणि गाणं थांबलं तरी अँप्लिफायरची स्वतःची सुंई-सुंई खोलीभर ऐकू येत राहते. म्हणून भोंग्याकडचा गेन हळूहळू उतरवत आणायचा आणि नेमक्या जागी थांबायचं.

ती जागा हमीदला त्याची बायको हुस्नबानू दाखवायची. कुवेतहून सुटीवर आल्यावर त्याने पहिली पेटी केली तेव्हापासूनची ही रीत. तो अँप्लिफायरपाशी उभा, ती समोर खुर्चीत. ती "अजून उतरवा, अजून" म्हणत राहायची आणि शेवटी "आता बरोबर" म्हणायची. मग तो त्या बटणाला पुन्हा हात लावायचा नाही. आपल्या बायकोसारखा कान अख्ख्या श्रीवर्धन तालुक्यात नाही, असं तो चारचौघांत सांगायचा. कान तिचा होता, पण मिरवायचा हा.

आणि मागच्या आठवड्यात ती पाहुण्यांच्या न्याहारीची सांदणं पोचवायला इथे आली, तर प्रणयने तिला खुर्चीत बसवलं. हे हमीदला प्रणयकडूनच कळलं, तेही मासळीबाजारात, चार माणसांसमोर. मी अँप्लिफायरच्या कपाटात डोकं घालून बटण फिरवत होतो, भाभी एका झटक्यात बरोबर म्हणाल्या, असं तो खुशीत सांगत सुटला. हमीदच्या हातातली सुरमई तशीच राहिली. घरी हीच बाई त्याला तासन् तास ताटकळत ठेवायची, आणि या गड्याचं एका झटक्यात? बानू परक्याशी दोन शब्द हसून बोलली असती तर त्याने मनावर घेतलं नसतं. पण ती दुसऱ्याच्या पेट्यांसमोर त्या खुर्चीत बसली, हे त्याला सहन होईना. त्या दिवसापासून तो नुसता जळत होता. आज सांदणं घेऊन ती निघाली तेव्हा, कुणी न बोलावता, मीपण येतो म्हणाला.

प्रणय सरबत आणायला आत गेला. हमीदने एकदा दाराकडे पाहिलं आणि भोंग्यांकडचा गेन सरळ वर चढवला. तापल्या तेलात ओली मासळी पडावी तसा आवाज खोलीभर सुटला. हमीदला गुदगुल्या झाल्या. आता बानूच याच्या तोंडावर सांगेल, काय जमलंय ते.

पडवीत प्रणयच्या आईशी बोलत बसलेल्या बायकोला त्याने हाक मारली. पहिल्यांदा तिने मान वळवली नाही. म्हातारीने तिच्या हाताला स्पर्श केला तेव्हा ती उठून आली.

"बस हितं. कसं लागलंय सांग."

हुस्नबानू बसली, ओढणी सारखी केली आणि त्याच्याकडे पाहिलं. त्याला हसू आवरत नव्हतं.

"बरोबर हाय," ती म्हणाली.

हमीदच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. एवढी सुंई-सुंई कानात शिरत असताना बरोबर? त्या गड्याची एवढी बाजू? त्याच्या भुवया आक्रसल्या.

हुस्नबानूची नजर त्याच्या कपाळावर गेली. "न्हाय," ती चाचरत म्हणाली. "जरा उतरवा."

त्याने बटणावर हात ठेवला, पण फिरवलं नाही. का कोण जाणे, नुसता हात ठेवून उभा राहिला आणि कपाळावरची आठी त्याने मुद्दाम पुसून टाकली.

"आता बरोबर," ती म्हणाली.

आवाज होता तेवढाच होता. हमीदला अलीकडे घरात वाजून वाजून बंद पडणारा तिचा फोन आठवला. कामात होते, म्हणायची. समोरचं बोलणं तिला कळायचं, बारीक आवाज मात्र तिच्यापर्यंत पोचतच नव्हते. ती खुर्चीत ताठ बसली होती, डोळे त्याच्या तोंडावर रोखून, जणू परीक्षेलाच बसली होती. प्रणयने तर तिच्याकडे पाठ केली होती. त्याच्या पाठीवरून ती काय वाचणार? लावलं होतं ते त्यानेच, हिने नुसतं बरोबर म्हणून टाकलं होतं.

तेवढ्यात प्रणय सरबत घेऊन आला आणि दारातच थबकला. "अरे, हा आवाज कसला? भाभी, त्या दिवशी तर..."

हुस्नबानूने एकदा प्रणयकडे, एकदा पेट्यांकडे पाहिलं. कसला आवाज, हे तिला कळेना. ओढणीचं टोक तिने मुठीत घट्ट धरलं.

"माझ्यामुळं झालं," हमीद म्हणाला. "मीच चढवला. थांब, परत लावू. बानू सांगेल."

"मी नको," ती पुटपुटली. "तुमीच बघा."

"तूच सांगायचं."

बटणावरचा हात न काढता तो खिडकीच्या उजेडात सरकला आणि पुरता तिच्याकडे तोंड करून उभा राहिला. मग बटण हळूहळू उतरवू लागला. सुंई-सुंई विरत गेली, विरत गेली आणि थांबली. त्याने पापण्या मिटून उघडल्या आणि मान हलवली, तिला दिसेल एवढीच.

त्याला कळलंय, हे तिला कळलं. तिचे डोळे भरून आले, पण तिने नजर काढून घेतली नाही.

"आता बरोबर," ती म्हणाली.

प्रणयने भोंग्याला कान लावला आणि मान डोलावली. "काय कान आहे हो भाभींचा. हमीदभाई, पुढच्या पेट्यांनाही यांनाच बसवणार मी."

"बसव," हमीद म्हणाला. "पण बटणाशी मी उभा राहणार."