पाठीमागचा सामना

तातेवाकी इकुओनं सत्तावीस वर्षांत स्टेडियममध्ये उभं राहून आपल्या संघाचा एकही फटका पाहिला नव्हता. हसू नका, खरं सांगतोय. आओसागी या बेसबॉल संघाच्या उजव्या कोपऱ्यातल्या चिअर पथकाचा तो म्होरक्या, आणि म्होरक्यानं चौथऱ्यावर चढून तोंड माणसांकडे, पाठ खेळाकडे करायची ही पथकाची रीत. पांढरे हातमोजे घालायचे, गाणं उचलायचं, डावा हात वर गेला की ढोल दुप्पट. मागे काय चाललंय ते समोरच्यांच्या तोंडावरून ओळखायचं. इकुओ धंद्यानं न्हावी. तोंडं वाचण्यात बाप माणूस.

त्याच डाव्या हातानं घात केला.

गुरुवारी कुणीतरी नेटवर चार मिनिटांचा व्हिडिओ टाकला. फोर्क म्हणजे सरळ येतो येतो म्हणता ऐन वेळी बॅटखाली बुडणारा चेंडू. तो येणार हे आधी कळलं की बॅटरचं निम्मं काम झालं. त्या माणसानं या मोसमातले एकेचाळीस फोर्क शोधले होते, आणि त्यातल्या अडतीस वेळा चेंडू सुटायच्या आधी इकुओचा पांढरा हात वर गेलेला दिसत होता. शनिवारपर्यंत वीस लाख लोकांनी तो पाहिला.

"अहो, हे ऐका," सावाए, त्याची बायको, सकाळी मिसोचं सूप थंड करत फोन वाचत होती. "'न्हाव्यानं अख्ख्या लीगची हजामत केली.' खाली कुणी लिहिलंय, 'ढोलावर बायकोच आहे म्हणे, घरगुती कारखाना.' आणि दुकानाला एक तारा दिलाय. 'दाढी करताना शेजारच्या खुर्चीला खुणा करतो.' मेला कधी आला होता आपल्याकडे?"

"बंद कर ते."

"का बंद करू? सत्तावीस वर्षं मी तुमचा हात बघून ढोल बडवतेय. जगात दुसरं काही बघितलं नाही. आता मला विचारतात, बाई, तुम्हाला ठाऊक होतं का! मला काय ठाऊक असणार, डोंबल?"

इकुओनं तो व्हिडिओ बारा वेळा पाहिला होता आणि दर वेळी हात वर गेला होता. आपण चोर नाही हे त्याला माहीत होतं. पण तो हात त्याचाच होता ना?

आज रविवार, सामना एकचा. पथक एकदम बंद केलं तर लोक खवळतील, म्हणून क्लबनं निरोप धाडला होता: ढोल नको, तीन डाव नुसत्या आवाजावर काढा, मग गुपचूप खाली या. स्टँडखालच्या खोलीत लीगचे ओकित्सु-सान जबानी घेतील. क्लबच्या एका कोचनं कालच राजीनामा दिला होता. आता एकच प्रश्न उरला होता, आणि नेटवर सगळे तोच चघळत होते. हिनोकुमा यात आहे का?

हिनोकुमा. संघाचा बॅटर, वय अडतीस, तीन वर्षं बाकावर कुजलेला, आणि यंदा असा उसळला की मोडीत काढणाऱ्यांची तोंडं बंद झाली. त्याचं गाणं इकुओनंच बांधलेलं. दर मोसमाच्या आदल्या दिवशी तो दुकानात दाढीला यायचा आणि जाताना दारात टोपीला हात लावून मान झुकवायचा, लहान पोरानं मास्तरांपुढे झुकवावी तशी. पोटची पोरं नव्हती या दोघांना. बाकी तुम्हीच समजा.

साडेनवाला नेझू आला, सामन्याच्या दिवशी नेहमी यायचा तसा. तातामीच्या चटया विणणारा हा जुना दोस्त म्हणजे इकुओचे डोळे. पहिल्या रांगेत बसायचा आणि पाठमोऱ्या म्होरक्याला हातपंख्याच्या खुणांनी खेळ सांगायचा: खेळाडू पळाला, दोन बाद, आता जोर लाव. पंखा कपाळाला लागला की जोर. जोर म्हणजे डावा हात.

इकुओनं त्याच्या गळ्याला साबण लावला, वस्तरा टेकवला, आणि आरशातूनच विचारलं, "नेझू, यंदा तू पंखा कधी कपाळाला लावायचास?"

आरशातलं तोंड पांढरं पडलं. साबणानं नव्हे.

"आधी वस्तरा बाजूला ठेव," नेझू म्हणाला. "मग सांगतो."

इकुओनं वस्तरा ठेवला.

"कोचनं एक फोन दिला होता. खिशात ठेवायचा. थरथरला की पंखा कपाळाला. वरच्या खोलीतून कुणी कॅचरची बोटं बघायचं, कुठला चेंडू मागतोय ते. बस, एवढंच."

"एवढंच? भडव्या, माझा हात वापरलास तू! तिचा ढोल वापरलास!"

"तुला सांगितलं असतं तर तू केलं असतंस?"

"नसतं केलं!"

"म्हणून नाही सांगितलं." नेझूच्या डोळ्यांत पाणी आलं. "मरायच्या आधी एकदा चषक बघायचा होता रे."

इकुओ शेजारच्या खुर्चीत बसला. "आणि हिनोकुमा?"

"कोचनं त्याला विचारलं होतं. मला नको म्हणाला. ते नव्या पोरांसाठी होतं. तो उजव्या कोपऱ्याकडे बघतसुद्धा नाही, कोचच म्हणाला."

"शपथ?"

"कोच म्हणाला," नेझू पुन्हा म्हणाला. गळ्यावरचा साबण तसाच ठेवून तो स्वतःची जबानी द्यायला निघून गेला.

बुडत्याला तेवढी काडी पुरली. इकुओनं कागद घेतला आणि सगळं लिहून काढलं. हात माझा होता. खूण माझ्याकडून गेली. मला ठाऊक नव्हतं, तरी दोष माझाच. आणि शेवटी: हिनोकुमा यात नाही, याची मी खात्री देतो. तारीख चुकली, तेव्हा रिवाजाप्रमाणे तिच्यावर दोन रेघा ओढून वर आपला शिक्का मारला, म्हणजे बदल मीच केला असं ठरतं. मग खाली नावापुढे लाल शिक्का उमटवला. गावात त्याच्या शब्दाला किंमत होती. ओकित्सु-साननी फोनवर म्हटलंही होतं, तुम्ही त्याच्यासाठी उभे राहिलात तर आम्हाला विचार करावा लागेल.

सावाएनं कागद वाचला. "तुम्ही त्याला खेळताना पाहिलंय?"

"टीव्हीवर पाहतो की."

"टीव्हीवर तर सगळेच पाहतात, आणि भांडतात. एक म्हणतो तो कोपऱ्याकडे बघतो, दुसरा म्हणतो बॅटर क्षेत्ररक्षक बघतोच. शिक्का मारलाय तुम्ही, इकुओ-सान. पेन्सिल नव्हे ती."

एक वाजता स्टेडियम भरलं. पहिल्या रांगेतली नेझूची खुर्ची रिकामी होती. सावाए ढोलाशेजारी हात मांडीवर ठेवून बसली होती, आणि तो बंद ढोल बघवत नव्हता. चार-पाच जण फोन वर धरून इकुओच्या हातांचं चित्रीकरण करत होते. मागून कुणी ओरडलं, "न्हावी, आज कुठला चेंडू येणार, सांग की!" काही हसले. इकुओच्या कानशिलावर घाम ओघळला. दोन डाव त्यानं दोन्ही हात कमरेला चिकटवून गाणी म्हणवून घेतली.

तिसऱ्या डावात दोन बाद, दोन खेळाडू धावेच्या वाटेत, आणि भोंग्यावर नाव पुकारलं गेलं: हिनोकुमा. इकुओनं गाणं उचललं. पहिली ओळ झाली, आणि त्याच्या मनात सावाएचा प्रश्न असा काही टोचला की त्यानं कधी केलं नव्हतं ते केलं. तो वळला. तोंड खेळाकडे, पाठ माणसांकडे.

मागचं गाणं अडखळलं. म्होरक्या वळला! कुणाला काय करावं कळेना. सावाएनं एकटीनं दुसरी ओळ धरली, मग बाकीच्यांनी.

केवढं हिरवं होतं मैदान! आणि त्या टोकाला हिनोकुमा, बोटभर दिसणारा. बॅट खांद्यावर घेऊन त्यानं पाय रोवले आणि हेल्मेट उजव्या कोपऱ्याकडे वळवलं. क्षेत्ररक्षक बघत असेल, इकुओ मनाशी म्हणाला. पण क्षेत्ररक्षक तर डावीकडे चार पावलं सरकून उभा होता. पहिला चेंडू गेला. हेल्मेट पुन्हा वळलं, तिथंच. आपल्याकडे कुणी बघतंय की आपल्या शेजारी, हे टीव्हीला कळत नाही, वीस लाख लोकांना कळत नाही. ज्याच्याकडे बघितलं जातं त्याला मात्र कळतं. इकुओला अंगभर कळलं. हरवलेल्या घड्याळासाठी हात पुन्हापुन्हा मनगटाकडे जावा, तसा हिनोकुमा त्याचा डावा हात शोधत होता.

"नको रे," इकुओ पुटपुटला. "बघू नको. बघू नको माझ्याकडे."

दोन स्ट्राइक झाले; तिसरा म्हणजे बाद. हिनोकुमानं तिसऱ्यांदा मान वळवली, आणि या वेळी पाठीच्या जागी चेहरा आहे हे त्याला दिसलं असावं. तो थांबला. बॅट खाली आली. त्यानं हेल्मेटच्या कडेला हात लावला आणि मान झुकवली, दुकानाच्या दारात झुकवायचा तशीच. मग पाय रोवले. फोर्क आला, बुडाला, आणि बॅट त्याच्या वीतभर वरून गेली.

इकुओनं हातमोजे काढून ढोलावर ठेवले. सावाएनं त्याच्याकडे पाहिलं.

खालच्या खोलीत ओकित्सु-सान चहाचा पेला सरकवून थांबले होते. त्यांनी कागद वाचला. "स्पष्ट लिहिलंय तुम्ही. हिनोकुमाबद्दलचं शेवटचं वाक्य तर फार मोलाचं आहे. शिक्का तुमचाच ना हा?"

"माझाच." इकुओनं कागदासाठी हात पुढे केला. "लाल शाई आहे का?"

त्यांनी शाईची डबी उघडून दिली. वरून दोन डावांमधला लोकांचा गलका येत होता. इकुओनं पट्टी मागितली, शेवटच्या वाक्यावर सरळ दोन रेघा ओढल्या आणि त्यांच्यावर शिक्का ठेवून अंगठ्यानं नीट दाबला.

"तीन वेळा बघितलं त्यानं," तो म्हणाला. मग त्याला रडू कोसळलं, आणि ओकित्सु-साननी खिडकी लावून घेतली.