काउंटरची दोन टोकं

गिलरेन बंधू एकमेकांशी बोलत नाहीत, हे लीट्रिम परगण्याच्या त्या टापूत पोरासोरांनाही ठाऊक होतं. अबोल्याला बावीस वर्षं झाली होती. घर एक, चूल एक, गुरं सामाईक, पण एकमेकांसाठी तोंडातून शब्द नाही. ह्यूबर्ट एकाहत्तरचा, मॅलकी अडुसष्टचा, दोघंही बिनलग्नाचे. कारणं चार-पाच सांगितली जायची. खरं कारण अट्रॅक्टा गीलनला माहीत होतं, कारण दोघांनी वेगवेगळं येऊन तिला ते सांगितलं होतं. आई गेली त्या दिवशी मॅलकी दलदलीतली जळाऊ माती कापायला गेला होता. म्हातारी संध्याकाळपर्यंत तग धरेल असा ह्यूबर्टचा अंदाज होता, म्हणून त्याने निरोप धाडला नाही. मॅलकी गाडी भरून परतला तेव्हा खिडक्यांचे पडदे ओढलेले होते. "मला बोलवायचं होतंस," एवढंच तो म्हणाला, आणि तिथून पुढे गप्प.

अट्रॅक्टाचा पब चौरस्त्यावर होता. आधी सासऱ्याचा, मग नवऱ्याचा, लॉर्कनचा, आणि तो गेल्यापासून आठ वर्षं तिचा एकटीचा. खायला बटाट्याच्या कापांची पाकिटं सोडली तर काही मिळत नसे. रोज संध्याकाळी साडेपाचला ह्यूबर्ट ट्रॅक्टरवरून यायचा आणि काउंटरच्या दाराकडच्या टोकाला बसायचा. पाच मिनिटांनी मॅलकी सायकलवरून यायचा आणि शेगडीकडच्या टोकाला बसायचा. दोघांपुढे काळ्या बिअरचे ग्लास ठेवून झाले की कामकाज सुरू होई.

"अट्रॅक्टा," ह्यूबर्ट समोरच्या बाटल्यांकडे बघत म्हणे, "उद्या दहाला गुरांचा डॉक्टर येतोय. गुरं आत घ्यायला लागतील."

"कोण घेणार?"

"माझा गुडघा धरलाय."

मग ती फडकं हातात घेऊन दुसऱ्या टोकाला जाई. "मॅलकी, उद्या दहाला..."

"ऐकलं मी. बहिरा नाहीये. त्याला सांग, काळी गाय दोरीशिवाय यायची नाही. आणि दोरी कुठल्या बिळात ठेवलीय ते त्यालाच माहीत."

"ट्रॅक्टरच्या सीटखाली आहे म्हणावं. गेली सहा वर्षं तिथंच आहे."

अट्रॅक्टाला पुन्हा सांगावं लागत नसे. तिने फक्त मान त्या बाजूला वळवायची, की निरोप पोचला. बाहेरचा कुणी असला तर हसायचा. गावातले हसत नसत. त्यांच्यातल्या निम्म्यांचीही कामं त्याच काउंटरवर ठरायची: कुणाचा पंप कोण दुरुस्त करणार, कुणाच्या शवपेटीला कोण खांदा देणार. कोण दोन दिवस दिसलं नाही म्हणून कुणी जाऊन दार वाजवायचं, तेही तिथंच ठरे.

मार्चमध्ये, सेंट पॅट्रिकच्या सणाला दोन दिवस उरले असताना, साथीमुळे सरकारने पब बंद करायला सांगितले. दोन आठवड्यांचा प्रश्न आहे, असं सगळेच म्हणाले. अट्रॅक्टाने पिंपांच्या नळ्या धुतल्या, खुर्च्या टेबलांवर उलट्या ठेवल्या आणि दाराला कडी घातली. नंतर आणखी एक फर्मान आलं: सत्तरीच्या पुढच्यांनी घराबाहेर पाऊल टाकायचं नाही. ह्यूबर्ट त्यात बसत होता, मॅलकी नव्हता.

पहिली खबर आणली टपालवाल्या डेर्व्हलाने. ती पत्रं कुंपणाच्या भिंतीवर ठेवायची आणि चार पावलं मागं सरकून बोलायची.

"गिलरेनांची गुरं काल सकाळी रस्त्यावर होती, काकू. डॉक्टर आला आणि रिकाम्या गोठ्याला नमस्कार करून गेला."

"का?"

"एकाला वाटलं दुसरा सांभाळेल. वरच्या कुरणाला खत दोनदा पडलंय, खालच्याला एकदाही नाही. आणि चहा संपलाय त्यांचा. मी विचारलं, दुकानातून का आणला नाही, तर मॅलकी म्हणतो, मला कुणी सांगितलं नाही."

"ह्यूबर्टने यादी लिहून द्यायची ना."

"दिली होती म्हणे. टेबलावर ठेवली होती. मॅलकी म्हणतो, कागद कुणासाठी आहे ते त्यावर लिहिलं नव्हतं."

अट्रॅक्टाला हसू आलं, पण ते टिकलं नाही. संध्याकाळी साडेपाचला ती बंद पबच्या काउंटरमागे उभी होती. त्या सुमारास पाय आपोआप तिथं जायचे. भिंतीवरच्या फोनकडे तिचं लक्ष गेलं. गिलरेनांच्या घरातही तसलाच एक जुना फोन होता, बोळकांडीत, स्वयंपाकघराच्या दाराला लागून. तिने नंबर फिरवला.

"कोण मेलं?" ह्यूबर्टने विचारलं. त्या घरी फोन तेवढ्यासाठीच वाजायचा.

"कुणी नाही. साडेपाच झालेत. म्हटलं, काय चाललंय बघावं."

मग ह्यूबर्टने घसा साफ केला आणि पबमध्ये बोलायचा त्याच मोठ्या आवाजात सुरू झाला. "खालच्या कुरणाला खत पडलेलं नाही, अट्रॅक्टा. वरच्याला आता पुरे. चहा आणायचाय, आणि माझ्या ब्लड प्रेशरच्या गोळ्या."

रिसीव्हर टेबलावर आपटल्याचा आवाज आला, आणि चपला दूर गेल्या. काही वेळाने दुसऱ्या चपला जवळ आल्या.

"ऐकलं मी," मॅलकी म्हणाला. "त्याला सांग, गोळ्यांची चिठ्ठी लागते. ती काय मी स्वप्नात बघायची?"

असं ते सुरू झालं. एप्रिल, मे, जून, रोज साडेपाचला. अट्रॅक्टा स्वतःसाठी अर्धा ग्लास भरून घ्यायची आणि स्टुलावर बसायची. गुरं वेळेवर आत गेली, चारा कापून झाला, गोळ्या आल्या. गावात कळलं तशी आणखी दोघा-तिघांनी विचारणा केली: मलाही फोन करशील का, काही काम नाही, सहज. ती करू लागली. साडेचारला एक, पाचला एक, सहाला एक. पर्थहून तिच्या मुलीचा फोन रविवारी यायचा. मुलगी विचारायची, "आई, एकटी कशी राहतेस गं?" अट्रॅक्टा म्हणायची, "एकटी कुठली? फोन खाली ठेवायला फुरसत नाही." ते खोटं नव्हतं. फक्त त्या सगळ्या फोनांवर ती ऐकत असायची.

ऑगस्टमध्ये वादळ आलं. झाडं पडली, वीज गेली, आणि चौरस्त्यापासून तळ्याकडे जाणारी फोनची तार तुटली. पहिल्या दिवशी साडेपाचला तिने नंबर फिरवला तेव्हा नुसती गुरगुर ऐकू आली. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी दुपारीच तिने गाडी काढली.

गिलरेनांच्या अंगणात कुणी नव्हतं. स्वयंपाकघराचं दार उघडं होतं. टेबलावर उकडलेले बटाटे दोन ताटांत वाढलेले होते. एका ताटातले अर्धे खाल्लेले, दुसऱ्या ताटाला हातही लागला नव्हता. ती पुन्हा बाहेर आली आणि तेवढ्यात खालच्या कुरणाकडून तिला आवाज ऐकू आला. म्हाताऱ्या माणसाचा, फाटका.

"मॅलकी."

ती जागच्या जागी थांबली. पुन्हा आला. "मॅलकी."

कुरणाच्या फाटकाला धरून ह्यूबर्ट उभा होता, पायात घरातल्याच चपला, चिखलाने भरलेल्या. तिला पाहून त्याला आश्चर्य वाटल्यासारखं दिसलं नाही. "सकाळी कुंपण बघायला गेला," तो म्हणाला. "जेवायला आला नाही. फोन बंद आहे, नाहीतर तुला सांगितलं असतं."

"मला सांगून काय झालं असतं?"

"तू कुणाला तरी पाठवलं असतंस."

खरोखर तसंच झालं असतं. ह्यूबर्टने पुन्हा फाटकावर दोन्ही हात रोवले आणि हाक मारली. या वेळी तळ्याच्या बाजूने ओ आली. जवळचीच होती.

मॅलकी चरात पडला होता. उन्मळलेल्या झाडाची फांदी ओढायला गेला, पाय घसरला आणि घोटा मोडला. सकाळपासून तो गुडघाभर पाण्यात बसून होता. ओठ निळे पडले होते, पण शुद्ध होती. अट्रॅक्टाने अंगातला कोट काढून त्याच्या खांद्यांवर टाकला. ह्यूबर्ट काठावर उभा राहून धापा टाकत होता.

"किती वेळ हाका मारतोय मी," तो म्हणाला. थेट भावाला उद्देशून.

"पहिल्या दोन मला वाटलं कुत्र्याला मारतोयस."

"कुत्र्याचं नाव मॅलकी आहे का?"

"तुझं काही सांगता येत नाही."

"आणि नंतरच्या? कळलं होतं ना तुला? मग ओ द्यायला काय झालं होतं?"

मॅलकी कोटाची बाही चाचपत राहिला. "तू पुन्हा मारतोस का, ते बघत होतो."

ह्यूबर्टने तोंड फिरवलं आणि तळ्याकडे बघत उभा राहिला. मोबाइलला रेंज मिळावी म्हणून अट्रॅक्टा चढ चढून वर गेली, आणि अँब्युलन्स बोलावून लगेच खाली आली नाही. तिने वरून पाहिलं, तर ह्यूबर्ट चराच्या काठावर बसला होता आणि त्याने चिखलाची एक चप्पल काढून बाजूला ठेवली होती. दोघांपैकी कोण बोलत होतं ते तिथून कळत नव्हतं.

स्लायगोच्या इस्पितळात मॅलकी आठ दिवस होता. भेटायला कुणाला जाऊ देत नव्हते. प्लॅस्टर घालून घरी आला तेव्हा फोनची तार जोडली गेली होती, पण साडेपाचच्या फोनवर आता बोलण्यासारखं फारसं उरलं नव्हतं. "सगळं ठीक आहे," ह्यूबर्ट म्हणायचा, आणि मागून मॅलकी ओरडायचा, "काही ठीक नाही, याने रस्सा करपवलाय." अट्रॅक्टा हसून फोन ठेवायची. मग सहाचा फोन होईपर्यंतची पंचवीस मिनिटं रिकामी पडून राहायची.

सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात तिच्यासारख्या, जेवण न देणाऱ्या पबांनाही उघडायची परवानगी मिळाली. नियम ढीगभर होते. काउंटरशी बसायला बंदी. एका घरातल्यांनी एका टेबलावर बसायचं. पहिल्या संध्याकाळी गिलरेन बंधू ट्रॅक्टरवरून एकत्र आले, मॅलकी मागे उभा, कुबडी काखेत. तिने त्यांना शेगडीजवळचं टेबल दिलं. बावीस वर्षांत ते पहिल्यांदाच तिथं समोरासमोर बसले होते. सगळा पब बघत होता आणि बघत नसल्याचं दाखवत होता.

"अट्रॅक्टा," ह्यूबर्ट तिच्या एप्रनकडे बघत म्हणाला, "तांबडी गाय या आठवड्यात वेणार. रात्री कुणीतरी उठायला हवं."

तिने मॅलकीकडे मान वळवली. "ऐकलं मी," मॅलकी म्हणाला. "त्याला सांग, एका पायावर मी काय उठू?"

ह्यूबर्ट परसात गेला तसं तिने खाली वाकून विचारलं, "काय रे, पुन्हा सुरू झालात का?"

"छे," मॅलकी कुजबुजला. "घरात बोलतो ना. दिवसभर डोकं खातो माझं. पण इथं सगळे बघतात. इतकी वर्षं धरलंय, एकदम सोडलं तर बरं दिसतं का?"

मग ती त्यांचे निरोप नेत राहिली, एका टेबलावरून त्याच टेबलावर. हे सुख सोळा दिवस चाललं. सतराव्या दिवशी पुन्हा बंदचा हुकूम आला, आणि तो हिवाळाभर उठला नाही.

त्या हिवाळ्यात पबच्या छपराची एक बाजू गळू लागली. अट्रॅक्टाने बादली ठेवली. ती भरली की ओतून यायची, पुन्हा ठेवायची. फेब्रुवारीतल्या एका सकाळी बादली ओतता ओतता तिला कळून चुकलं की आपण आता हे उघडणार नाही. काही रडू वगैरे आलं नाही. पुढच्या जुलैत सगळे पब उघडले तेव्हा तिने दारूचा परवाना शहरातल्या एका किराणा दुकानाला विकून टाकला होता. माणसं पांगली. काही गाडी काढून शहरात जाऊ लागली, काही घरीच पिऊ लागली, तर दोघं-तिघं कुठंच जाईनात. त्या दोघा-तिघांना ती अजून फोन करायची.

गिलरेन बंधू तिच्या दारात येऊन उभे राहिले.

"उघडणार नाही म्हणजे कधीच नाही?" ह्यूबर्टने विचारलं.

"कधीच नाही."

दोघं एकमेकांकडे बघत राहिले. "बरं," मॅलकी म्हणाला. "मग रविवारी जेवायला ये. बटाटे मी करतो. हा नुसते करपवतो."

ती गेली. टेबलावर मटण होतं, कोबी होता. दोघं भाऊ वाढता वाढता भांडत होते: मिठावरून, कुंपणावरून, कुत्र्याला हाडं कोण टाकतो त्यावरून. ह्यूबर्ट म्हणाला, खालच्या कुरणात पाणी साचलंय, आणि अट्रॅक्टाची मान सवयीने मॅलकीकडे वळली. पण मॅलकीचं उत्तर तोवर देऊन झालं होतं. तिने तोंडात बटाटा घातला. असं आणखी दोनदा झालं. जेवण चांगलं होतं, आणि तिचं तिथं काही काम नव्हतं.

ताटं उचलून मॅलकीने तिच्यापुढे चहा ठेवला. ह्यूबर्टने खुर्ची ओढली. दोघंही तिच्याकडे बघत होते.

"तुझं काय गं, अट्रॅक्टा?" मॅलकीने विचारलं. "तुझं कसं चाललंय?"

तिने कप उचलला, खाली ठेवला. इतकी वर्षं काउंटरमागे उभी होती, पण हे तिला कुणी विचारलं असल्याचं आठवेना. सुरुवात कुठून करावी ते उमगेना, म्हणून ती छपराच्या गळतीपासून सांगू लागली. लॉर्कनपर्यंत पोचेस्तोवर चहा गार झाला होता, आणि ह्यूबर्टने न विचारताच दुसरी किटली चढवली होती.