जांभळ्या सालीखालचा दाणा

उलझानने त्या जांभळ्या गव्हावर तेरा वर्षं घालवली होती. उत्तर कझाकस्तानच्या माळावर, बियाणं केंद्रात, ती गव्हाचे नवे वाण तयार करायची. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. हा तिचा शेवटचा वाण. कोंब मातीतून वर यायचा तोच जांभळट. मे महिन्याच्या गारठ्यात बाकीची रोपं माना टाकत, ही ताठ उभी. आणि दाणा असा गडद, की बघणाऱ्याने मुठीतून खाली सोडू नये.

पहिली मोठी पेरणी तिचाच जुना विद्यार्थी कैरबेक याने केली. तीनशे हेक्टर. "अपाय, तुम्ही म्हणालात, आता मी कोणाला विचारू?" कझाक भाषेत शिकवणाऱ्या बाईंना 'अपाय' म्हणतात, तो तिला अजून तसंच हाक मारायचा.

सप्टेंबरात, ऐन कापणीच्या तोंडावर पाऊस लागला. अठरा दिवस उघडला नाही. मग कैरबेकचा फोन आला, "अपाय, येऊन बघून जा."

ओंब्यांतच मोड फुटले होते. गव्हाला हिरवी दाढी आल्यासारखी दिसत होती. बांधापलीकडे शेजाऱ्याचा साधा तांबडा गहू भिजून काळवंडला होता, पण दाणा शाबूत होता.

घरात कैरबेकच्या बायकोने, माक्पालने, त्याच मोड आलेल्या गव्हाच्या पिठाचा पाव कापला. सुरी आत चिकटून बसली.

"पीठ आहे की सरस?" माक्पाल म्हणाली. "सासूबाई असत्या तर मलाच नावं ठेवली असती."

उलझानने मूठभर दाणे पिशवीत भरून घेतले.

उलझान तशीच प्रयोगशाळेत परतली. तिने दाण्यांची जांभळी साल खरवडली आणि ते कॉस्टिक सोड्यात टाकले. तांबडा दाणा त्यात गडद तपकिरी होतो. हे गवतासारखे फिके पिवळे झाले. म्हणजे आतून पांढरे.

गव्हाला तांबडा रंग देणारं जनुकच दाण्याला झोपवूनही ठेवतं, पावसात चटकन उठू देत नाही. जांभळा रंग निराळ्या जनुकांचा, वरच्या सालीतला. तो खुलून दिसावा म्हणून तिने पांढऱ्या गव्हाशी संकर केला होता आणि त्यात तांबडं जनुक निसटलं होतं. वरच्या जांभळ्यामुळे ते डोळ्यांना कळणार कसं?

वाणाच्या चाचण्या चालू असताना सहकारी रिम्मा म्हणाली होती, "एकदा सोलून बघायचं का?"

"उगाच काथ्याकूट नको," उलझान म्हणाली होती. चाचणीची पाचही वर्षं कोरडी गेली होती, कापणीला पाऊस लागलाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी तिने कैरबेकला सगळं सांगितलं.

"पाऊस सगळ्यांवरच पडला, अपाय."

"शेजाऱ्याचा वाचला ना? चूक माझी आहे."

त्याने चिखलातली एक ओंबी उपटली. "तपासायला किती वेळ लागला असता?"

"एक दुपार."

"एक दुपार," तो म्हणाला. ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने गोठ्याचं फाटक उघडलं आणि गुरं शेतात सोडली.

उलझानने वाण मागे घेण्याचा अर्ज लिहिला. रिम्मा म्हणाली, "तांबड्याशी पुन्हा संकर करू या की."

"दहा वर्षं लागतात, रिम्मा. कोण करणार?"

ऑक्टोबरात गुरांनी चरून उरलेल्या गव्हावर बर्फ पडलं. उलझान रोज केंद्रात येई, कोट खुंटीला अडकवी आणि संध्याकाळपर्यंत नुसती बसून राही.