मूठ

सुतार गेल्यावर त्याच्या सातही जपानी पटाश्या बायकोने जुन्या हत्यारांच्या दुकानात विकून टाकल्या. डोळ्यांसमोरच नकोत म्हणाली. महिन्याभरात तिला राहवेना. एखादी तरी परत आणू म्हणून ती दुकानात गेली.

"वहिनी, ओळखूच येणार नाहीत तुम्हाला!" दुकानदार कौतुकाने म्हणाला. पाती लखलखत होती आणि मुठी नव्याकोऱ्या. कळकट मुठी बघून गिऱ्हाईक नाक मुरडतं, असं त्याचं म्हणणं.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "जुन्या मुठी कुठे टाकल्यात?"

त्याने एक खोकं पुढे सरकवलं. आत पाऊणशे तरी मुठी असतील. ती एकेक उचलून निरखू लागली. बऱ्याच वेळाने एक सापडली. तिच्यावर घामाने काळे पडलेले तीनच बोटांचे पट्टे होते. सुताराची करंगळी लग्नाआधीच करवतीखाली गेली होती. तिच्या जागी लाकूड अजून गोरं होतं.

तिने मूठ धरली. तिची करंगळी त्या गोऱ्या जागेवर अलगद बसली.

"ही द्या."

"नुसती मूठ? पातं नको?"

"पातं कधी हातात धरलं होतं ह्यांनी?"