समुद्राची कमाल मर्यादा

किनाऱ्यावरच्या त्या मापन केंद्रात समुद्राला फार चांगले वळण लागले होते. गेली कित्येक वर्षे पाण्याच्या तापमानाने जुना उच्चांक एकदाही ओलांडला नव्हता. संचालक पाहुण्यांना भिंतीवरचा आलेख दाखवत आणि त्याच्या सपाट माथ्यावरून असा हात फिरवत, जणू समुद्र त्यांच्याच हाताखाली शिकून मोठा झाला होता.

या शिस्तीमागे एक नियम होता. उच्चांकापेक्षा मोठा आकडा आला, तर तो यंत्राचा बिघाड समजावा आणि संगणकाने ती जागा रिकामी सोडावी. नियम समितीने केला होता, त्यामुळे त्यात दोष कुणाचाच नव्हता. केंद्राचे निरीक्षक तो इमानेइतबारे पाळत. अनेक दशकांच्या नोंदींची ती मालिका म्हणजे त्यांचा जीव की प्राण. तिच्यात भलतासलता आकडा घुसू नये म्हणून ते डोळ्यांत तेल घालून बसत.

एका दुपारी निरीक्षकांची थोरली बहीण ओल्या बुटांनिशी थेट कार्यालयात शिरली. खाडीत तराफ्यांना बांधून पाण्यात सोडलेल्या दोरांवर ती शिंपले वाढवत असे. तोंड वासून मेलेले मूठभर शिंपले तिने टेबलावर ओतले.

"हे तुझ्या आलेखाला दाखव."

"ताई, कागद भिजतायत."

"भिजू देत. कोमट पाणी आहे, सर्दी नाही व्हायची त्यांना. दोर खोल सोडू का, तेवढं सांग."

खोल पाणी थंड असते, पण तिथे खाणे कमी, शिंपले पोसत नाहीत. म्हणून धक्क्यावरच्या फळ्यावर केंद्राचा इशारा लागल्याखेरीज कुणी तराफेवाला दोर सोडत नसे. इशारा उच्चांक ओलांडल्यावर लागे; आणि तो ओलांडायची समुद्राला परवानगी नव्हती.

निरीक्षकांनी नोंद उघडली. दुपारची जागा रिकामी होती.

"यंत्र बिघडलंय."

"कधीपासून?"

हे त्यांना आजवर कुणी विचारले नव्हते. त्यांनी सगळ्या वर्षांच्या रिकाम्या जागा एकाखाली एक लावल्या. जुन्या वर्षांत त्या तुरळक आणि विखुरलेल्या होत्या. अलीकडे मात्र यंत्र फक्त उन्हाळ्यात, तेही दुपारीच बिघडत होते, आणि दरवर्षी आधीपेक्षा थोडे अधिक. इतक्या वक्तशीरपणे बिघडणारे यंत्र त्यांनी उभ्या नोकरीत पाहिले नव्हते.

ते बादली घेऊन धक्क्याच्या टोकाला गेले आणि पाणी ओढले. तापमापकातला पारा उच्चांक ओलांडूनच थांबला. खात्रीसाठी दुसरा तापमापक बुडवला. तोही फितूर निघाला.

संचालकांनी सारे शांतपणे ऐकून घेतले. "तुमचं बरोबर असेलही. पण मधेच नियम बदलला तर मालिकेची सलगता जाते. समितीपुढे ठेवू."

"समिती कधी बसते?"

"उन्हाळा सरला की. सध्या फार उकडतं."

"शिंपले तोवर थांबणार नाहीत, साहेब."

"शिंपले आपल्या कार्यकक्षेत येत नाहीत."

निरीक्षक धक्क्यावरच्या फळ्यापाशी आले; ताई तिथे वाटच पाहत होती. आकडा लिहिला तर जन्मभर जपलेल्या मालिकेला आपल्याच हाताने खोटे पाडणे आले. न लिहिला तर बहिणीचा हंगाम गेलाच. खडू बोटांत फिरत राहिला.

"तू लिहितोस का मी लिहू?" ताई म्हणाली. "माझं अक्षर लोकांना लागत नाही, एवढंच."

त्यांनी बादलीतल्या पाण्याचा आकडा लिहिला, त्याखाली 'दोर खोल सोडावेत' असे लिहिले आणि सही केली. अंधार पडण्याआधी खाडीतले सगळे दोर खोल गेले होते. ताईचे पुष्कळसे शिंपले तगले.

उन्हाळा सरल्यावर समिती बसली. निरीक्षकांना ताकीद मिळाली. त्यांनी मांडलेला रिकाम्या जागांचा तक्ता सर्वांनी वाखाणला आणि मोठ्या मनाने उच्चांक अर्ध्या अंशाने वाढवून समुद्राची सोय केली.

पुढच्या उन्हाळ्यात ताईचा फोन आला. "काय म्हणतो तुझा समुद्र?"

"कागदावर मर्यादेत आहे."

"आणि बादलीत?"

निरीक्षकांनी पायाशी ठेवलेल्या बादलीतला तापमापक वाकून पाहिला.

"दोर सोड, ताई. मी फळ्याकडे निघालोय."