गल्लीने तुडवलेला चोथा

सकाळी सहाला रोंगमेईने आईच्या काढ्याचा चोथा गल्लीत ओतला. वडील गेल्यापासून चाळीस दिवस आई बोलली नव्हती, की माडीवरून खाली उतरली नव्हती. दुःख फुप्फुसात साचलंय, असं वैद्य म्हणाले होते. चोथा तुडवणाऱ्याच्या पायांबरोबर दुखणं त्याच्याकडे जातं अशी समजूत, म्हणून लोक तो टाळूनच चालतात.

शेजारचे पांगकाका मुद्दाम त्यावर उभे राहिले.

"काका, बाधेल तुम्हाला."

"काकूबरोबर चाळीस वर्षं काढली, पोरी. आता काय बाधणार?"

"सरका, एकटेच मिरवू नका," म्हणत मागून काकू आल्या.

आठपर्यंत गल्लीतली चौतीस माणसं एकेक करून चोथ्यावरून चालून गेली. टोफूवाल्याने तर चपला काढल्या.

सव्वाआठला आई जिना उतरून दारात आली. अजून ती बोललेली नाही.